आम्ही आत राहतो

गिरगावातल्या चाळीत आमच्याकडे रेंज होती, खासगीपणा नव्हता. मोबाइलवर बोलायचं तर गॅलरीत यायचं, आणि गॅलरीत बोललेलं तिन्ही मजल्यांना ऐकू जायचं. माझ्या नणंदेचं लग्न ठरल्याची बातमी सासूबाईंनी फोन खाली ठेवायच्या आत समोरच्या बिऱ्हाडातून पेढ्यांच्या मागणीसह परत आली होती. आता त्याच जागेवर तेवीस मजली इमारत उभी आहे, आम्ही सतराव्या मजल्यावर आहोत, आणि फोनवर बोललेलं कोणालाच ऐकू जात नाही. पलीकडच्यालाही नाही.

दोष भिंतींचा, असं आमच्या अहोंचं म्हणणं. चाळीच्या भिंती विटा-चुन्याच्या, जमीन लाकडी फळ्यांची, दारं दिवसभर सताड उघडी. लहरींना आत यायला बेल वाजवावी लागत नव्हती. नव्या इमारतीत विटा औषधालाही नाहीत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि छत एकदमच काँक्रीटचं ओततात, आत सळयांची जाळी. या पद्धतीला 'मायवान' म्हणतात. मायवानच्या भिंतीत गणपतीच्या फोटोसाठी खिळा मारायचा तरी ड्रिलवाला बोलवावा लागतो. तिथे लहरींचा काय पाड! खिडक्यांना ऊन परतवणारी काच आहे. तिच्यावर धातूचा अगदी पातळ लेप असतो, आणि तो उन्हाबरोबर सिग्नलही परतवतो. या दोन्ही गोष्टी बिल्डरच्या माहितीपत्रकात आकर्षणं म्हणून छापलेल्या होत्या.

शिवाय उंची. उंचावर गेलं की रेंज वाढते, असं सगळ्यांनाच वाटतं. पण शहरातले अँटेना जरा खाली, रस्त्याकडे झुकवलेले असतात, कारण बहुतेक गिऱ्हाईक तिथेच असतं. त्यामुळे जवळच्या टॉवरचा झोत आमच्या पायांखालून निघून जातो, आणि लांबलांबच्या टॉवरांचे अर्धेमुर्धे सिग्नल मात्र खिडकीशी येऊन ताटकळतात. सतरा स्थळं सांगून आलेल्या मुलीसारखी फोनची गत होते. एकही स्थळ धड नाही, आणि नकार द्यावा इतकं वाईटही नाही. तो बिचारा या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत बसतो आणि तेवढ्यात आपलं "हॅलो, हॅलो, आता येतंय का?" सुरू होतं.

अहो बँकेतून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला घरात एक गोष्ट अशी सापडली, की जी जुळतच नाही. त्यांनी तिला वाहून घेतलं. सकाळी चहाबरोबर ते दोन आकडे सांगतात: एक रक्तदाबाचा आणि एक हॉलमधल्या सिग्नलचा. "आज उणे एकशे आठ," असं ते म्हणतात, तेव्हा त्यांचा चेहरा रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा जास्त पडलेला असतो.

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर त्यांचा विश्वास नाही. माझाही आता नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचा सगळ्यांना बांधणारा नियमच नाही. ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचं. २०१० मध्ये आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की दांड्या गळतात, असा जगभर ओरडा झाला. तेव्हा ॲपलने जाहीर केलं, की दांड्या मोजण्याचं आमचं सूत्रच साफ चुकलेलं होतं. मुळात दिसायला हव्यात त्याहून जास्त दांड्या दिसत होत्या. म्हणजे लोक जिला रेंज गेली म्हणत होते, ती आधीसुद्धा नव्हती.

म्हणून अहो थेट डीबीएम बघतात. फोनमध्ये तो आकडा आत कुठेतरी दडवलेला असतो, किंवा ॲप घालून बघता येतो. आकडा ऋण असतो. उणे ऐंशी म्हणजे छान, उणे एकशे दहा म्हणजे राम म्हणा. दर दहाने खाली गेलं की सिग्नल एक दशांश होतो, म्हणजे ऐंशी आणि एकशे दहा यांच्यात हजार पटींचा फरक. मधला उणे नव्वद म्हणजे किती, तर एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ताकदीवर माझी नागपूरची बहीण तिच्या सुनेबद्दल तासभर बोलू शकते, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. दोघींचंही.

अहोंनी बिल्डरने दिलेला फ्लॅटचा नकाशा काढला आणि पेन्सिलीने खोलीखोलीत आकडे भरले. निष्कर्ष असा: रेराप्रमाणे कार्पेट ५४० चौरस फूट, त्यातलं बोलता येण्याजोगं कार्पेट १४. हे चौदा चौरस फूट ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि खिडकीची जाळी यांच्यामध्ये निघाले. तेव्हापासून आमच्या घराण्याचे सगळे महत्त्वाचे निर्णय तिथेच होतात. लेकीची नोकरीची मुलाखत तिथेच झाली. मध्येच मशीन स्पिनला गेलं, तेव्हा पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं म्हणे, की तू विमानतळावर आहेस का.

आता जरा मागे जाते. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, आणि लवकरच मुंबईतही सेवा आली. चाळीतला पहिला मोबाइल तळमजल्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे ते फोन वाजला की तो सगळ्यांना नीट दिसेल असा हातात धरायचे, नंबर बघायचे, कापायचे, आणि लँडलाइनवरून उलटा फोन लावायचे. यात गैरसोय काहीच नव्हती. मोबाइल बोलण्यासाठी असतो, असं तेव्हा कोणी समजतही नव्हतं. येणारे कॉल २००३ मध्ये फुकट झाले आणि मग लोक उचलू लागले.

त्या टू-जीच्या काळात चाळीत मोरीतसुद्धा फोन लागायचा. नंतर थ्री-जी आलं तेव्हा इंटरनेटसाठी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसावं लागे. फोर-जी आलं तेव्हा गॅलरीचं टोक गाठावं लागे, जिथे आधीच कोणाचं तरी वाळवण असायचं. या क्रमामागे शास्त्र आहे. टू-जीचा बराच कारभार ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, थ्री-जीचा मुख्यतः २१०० च्या, आणि फाइव्ह-जीचा मोठा भार ३३०० च्या वरच्या. वरच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, म्हणून वेग दांडगा. पण भिंत समोर आली की दम संपतो. म्हणजे दर वेळी एक 'जी' वाढला की आपण खिडकीच्या दिशेने दोन पावलं सरकायचं. सिक्स-जी येईल तेव्हा आम्ही सज्ज्यावर उभे असू.

५ ऑक्टोबर २०२२ चा दसरा मला आठवतो, कारण त्याच दिवशी एका कंपनीचं फाइव्ह-जी मुंबईत सुरू झालं. सोनं द्यायला आलेला प्रत्येक जण दारात आधी फोन उंच धरायचा, मान हलवायचा आणि मग आपट्याचं पान पुढे करायचा. सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे फोन 'फाइव्ह-जी रेडी' होते. रेडीच होते. त्यातल्या कित्येकांना कंपनीकडून सॉफ्टवेअर यायचं होतं, ते दिवाळी उलटून गेल्यावर आलं.

पुढे आमच्या भागात फाइव्ह-जी नीट आलं, आणि अहोंनी वेग मोजायला घेतला. जाळीशी ४०० एमबीपीएस. मोठाच्या मोठा सिनेमा दीड-दोन मिनिटांत उतरला. तो उतरत असताना आत पुण्याहून आतेसासूबाईंचा फोन आला आणि "अगं, ऐकतेस का, मी..." एवढ्यावर तुटला. तिचं काय झालं या काळजीत आम्ही सगळे चौदा चौरस फुटांत गोळा झालो. ती "मी वडे तळतेय" म्हणत होती.

डेक्कन क्वीनमध्ये हे असं होत नाही. म्हणजे कॉल तुटतो, पण मनस्ताप होत नाही. कर्जत सुटलं की पुढे घाटातले बोगदे आहेत हे सगळ्या डब्याला ठाऊक असतं. "घाट आला, ठेवते" म्हटलं की कोणी रागावत नाही. शहरातला बोगदा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. "हॉल आला, ठेवते" हे पुण्याला पटत नाही.

शेवटी तक्रार केली. कंपनीचा मेसेज आला, की आपल्या परिसरात नेटवर्क अद्ययावत करण्याचं काम चालू आहे, आपल्याला आणखी उत्तम अनुभव मिळेल. या 'आणखी'चा अहोंना फार राग आला. मग एक तरुण इंजिनीअर आला. साताऱ्याकडचा, गोड मुलगा, खांद्याला सॅक, हातात दोन फोन. त्याने खिडकी उघडली, हात बाहेर काढून फोन धरला आणि समाधानाने म्हणाला, "मॅडम, आउटडोअर कव्हरेज एक नंबर आहे."

"आम्ही आत राहतो," मी म्हटलं.

त्याने हे गंभीरपणे ऐकून घेतलं. अहोंनी पेन्सिलीचा नकाशा पुढे केला, तोही त्याने आदराने बघितला, फोटो काढला. मग ऑफिसला विचारतो म्हणून फोन लावला. तो हॉलमध्ये लागेना, तेव्हा न सांगता, आपला आपण ड्राय बाल्कनीत गेला. नकाशा बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा अहोंना नको होता. परत येऊन तो म्हणाला, "सर, बिल्डिंगचा प्रॉब्लेम आहे. साइटचा नाही." चहा झाला. निघताना तो म्हणाला, तक्रार बंद करायला तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. रेंज नसल्याची तक्रार मिटल्याचा ओटीपी काही येईना. अखेर तो माझा फोन घेऊन लिफ्टने खाली गेटपर्यंत गेला, ओटीपी घेतला, तक्रार बंद केली, आणि फोन वॉचमनकडे ठेवून गेला.

मग आम्ही कंपनी बदलायचं ठरवलं. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० ला 'पोर्ट' लिहून मेसेज करायचा. मी केला. दहाव्या मिनिटाला जुन्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, ताई, आमच्याकडून काय चुकलं? तो फोन मला सोफ्यावर आला. अगदी स्वच्छ, खणखणीत, तिच्या मागे चालू असलेला पंखा ऐकू यावा इतका. मी तिला काही बोलूच शकले नाही. जी कंपनी मनात आणलं तर सोफ्यावर पोचू शकते, तिच्याशी भांडायचं कसं? तरी बदलली. नव्या कंपनीमुळे बोलण्याची जागा वॉशिंग मशीनकडून देवघराकडे सरकली, इतकंच. आता फोनवर कोणाला लागेल असं बोलता येत नाही.

अहोंना मात्र २०१६ ची हळहळ आहे. दूरसंचार नियामक ट्रायने त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून नियम केला होता, की कॉल तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अहोंनी तेव्हाच हिशेब करून ठेवला होता: रोजचे तीन, लीप वर्ष, म्हणजे १,०९८ रुपये. या रकमेचं ते आजही 'बुडीत येणं' म्हणून नाव काढतात.

दरम्यान शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी लॅमिंग्टन रोडवरून बूस्टर आणून खिडकीत बसवला. त्यांच्या घरात रेंजच रेंज झाली आणि बाकीच्यांची होती तीही गेली. असे बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, कारण ते सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतात आणि टॉवरचे कान किटवतात. सेक्रेटरींनी तसं बजावल्यावर त्यांनी तो काढला. पण तेवढे दिवस त्यांच्या घरी पाहुण्यांचा जो राबता होता, तो मुलीच्या लग्नातही नव्हता.

हे सगळं चालू असताना सासूबाई कॉटवर बसून, बटणांच्या जुन्या फोनवरून रत्नागिरीच्या जावेशी निवांत बोलत होत्या. त्यांचा फोन टू-जी. ९०० चा पट्टा, मायवानला न जुमानता थेट कॉटपर्यंत. पहिल्यांदा हे लेकीच्या लक्षात आलं. तिने अर्ध्या लाखाचा फोन बाजूला ठेवला आणि आजीकडे हात पसरला. आता आमच्याकडे तातडीच्या कॉलला सासूबाईंच्या फोनशिवाय पर्याय नाही. त्या देतात, पण बोलणं संपेपर्यंत समोर बसून राहतात. चाळीतली गॅलरी अशी आमच्याकडे परत आली.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता. तो होता तोवर आमच्याकडेही बरं चाललं होतं. त्यांना भाडं मिळायचं, मेंटेनन्स कमी यायचा. मग वरच्या मजल्यावरच्या लोकांना किरणांची भीती वाटायला लागली. खरं तर आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर बघता येतात, पैसे भरून मोजणीही मागवता येते. शिवाय अँटेनाचा झोत समोर, लांब जातो; बरोबर खाली फारच थोडा येतो. दिव्याखाली अंधार, आणि इथे तर तो हवाच होता. पण सभेत कोणी ऐकेना. टॉवर उतरला.

आता गंमत बघा. फोन हा भारी समजूतदार प्राणी आहे. टॉवर जवळ असला की तो कुजबुजतो, लांब असला की ओरडतो. फोर-जीचा फोन साधारण दोनशे मिलिवॅटपर्यंत ताकद लावतो. म्हणजे गच्चीवरचा टॉवर गेला आणि कानाशी धरलेला फोन जोर लावायला लागला. बॅटरी दुपारी तीनलाच का संपते, असं समोरचे ते वरच्या मजल्यावरचे लोक आता लिफ्टवाल्याला विचारतात.

टॉवरवाल्या कंपनीने मग आमच्या सोसायटीला विचारलं. विशेष सर्वसाधारण सभा पोडियमवर भरली, कारण तिथे रेंज येते आणि लोक येतात. सभा खेळीमेळीत झाली. पहिला ठराव: आपल्या गच्चीवर टॉवर नको. दुसरा ठराव: समोरच्या सोसायटीने आपला टॉवर पूर्ववत बसवावा, अशी त्यांना आग्रहाची विनंती करावी. दोन्ही एकमताने मंजूर. पत्र गेलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी आमच्या गच्चीबद्दल हुबेहूब असाच ठराव आधीच करून ठेवला होता. फक्त त्यांनी 'आग्रहाची' ऐवजी 'नम्र' लिहिलं होतं. अहोंच्या मते त्यांचा मसुदा सरस होता.

मग तिसरा मार्ग निघाला. इमारतीच्या आतच केबल टाकून मजल्यामजल्यावर छोटे अँटेना बसवायचे. ऑफिसांत, मॉलमध्ये असतात ते, छतावरच्या धुराच्या सेन्सरसारखे दिसणारे. ट्रायने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना अशा जोडणीसाठी तारे द्यायचे नियमच काढले आहेत. पुढच्या बिल्डरला काचेच्या शेजारी तेही छापता येतील. कंपनी म्हणाली, दर मजल्याला गरज नाही, एक सोडून एक चालेल, लिफ्टच्या लॉबीत.

सम मजले की विषम, यावर दीड तास गेला. सम मजल्यांवर लहान मुलं जास्त आहेत, असं एकाने सांगितलं. विषम मजल्यांवर ज्येष्ठ नागरिक जास्त आहेत, असं दुसऱ्याने. अँटेना कोणाच्या दारासमोर येणार, ते आधी ठरवा, असं एक वकीलबाई म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, की चाळीत नळ कुठे बसवायचा यावर जशी भांडणं व्हायची तशी ही आहेत का. फरक एवढाच, की नळ सगळ्यांना आपल्याच दारासमोर हवा असायचा. इतिवृत्तात ही नोंद घेतली गेली नाही.

शेवटी रात्री दहाच्या सुमारास खजिनदारांनी तोडगा काढला आणि टाळ्या पडल्या. सभेला जे सभासद गैरहजर आहेत, त्यांच्या मजल्यांवर अँटेना बसवावेत. सेक्रेटरींनी हजेरीपट बघून मजले लिहून काढले, ठराव मंजूर केला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला.

हे सभासद का आले नव्हते, ते दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनीच सांगितलं. सभेचा मेसेज त्यांना रात्री साडेअकराला मिळाला होता, ठरावाच्या मेसेजच्या पाठोपाठ.